सांगलीचे विजय, बडोद्याचे हजारे

१९३९–४० च्या हंगामात पुण्याला महाराष्ट्र आणि बडोदे यांच्यात रणजी करंडकाचा सामना झाला. महाराष्ट्राकडून पंचविशीच्या घरातला एक शांत, काहीसा लाजाळू फलंदाज खेळायला उतरला आणि नाबाद ३१६ धावा करूनच परतला. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये भारतीय खेळाडूचे हे पहिले त्रिशतक. ते झाले आपल्या बडोद्याच्या गोलंदाजांवर. बडोद्याने राग धरला नाही. दोन-एक वर्षांतच तो फलंदाज बडोद्याचा झाला आणि शेवटपर्यंत बडोद्याचाच राहिला. ज्याने घर लुटले त्यालाच जावई करून घ्यावे, तसा हा प्रकार, अशी थट्टा आमच्यातली जुनी मंडळी करीत असत.

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ चा, सांगलीचा. मराठी ख्रिस्ती कुटुंब, वडील शाळामास्तर, घरात भावंडे बरीच. मास्तरांच्या पगारात एवढ्या मुलांचे शिक्षण आणि वर क्रिकेटचे साहित्य, हे गणित त्या काळी कसे सुटत असेल याची कल्पना आमच्या वाचकांपैकी ज्यांचे आजोबा-पणजोबा संस्थानी शाळांत मास्तर होते त्यांना सहज येईल. मुलाच्या हातात गुण होता, पण गुणावर पोट भरत नाही. हजाऱ्यांच्या सगळ्या आयुष्याकडे आम्ही याच बाजूने पाहणार आहोत. त्यांच्या धावा पुस्तकांत मिळतात. त्या करणाऱ्या माणसाच्या घरची चूल कोणी पेटती ठेवली, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

त्या काळच्या क्रिकेटमध्ये दोन प्रकारचे खेळाडू होते. घरचे खाऊनपिऊन सुखी असलेले, कॉलेजात शिकलेले, खेळ हा शौक म्हणून खेळणारे हौशी एकीकडे. खेळ हीच ज्यांची नोकरी ते दुसरीकडे. विजय मर्चंट हे पहिल्या प्रकारचे उत्तम उदाहरण. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजचे विद्यार्थी, घराण्याच्या कापड गिरण्या, खेळायला हवा तेवढा अवकाश. हजारे दुसऱ्या प्रकारचे. त्यांना कोणीतरी पदरी ठेवले तरच खेळता येणार होते. त्या वेळी असे पदरी ठेवणारे एकच, ते म्हणजे संस्थानिक. गवयी, पहिलवान, चित्रकार यांना जसा दरबाराचा आश्रय मिळे तसाच विसाव्या शतकात तो क्रिकेटपटूंना मिळू लागला. बडोद्याच्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको. कुस्ती आणि व्यायामशाळांना सयाजीराव महाराजांच्या काळात केवढा आधार होता हे आपण घराघरांतून ऐकत आलो आहोत.

हजाऱ्यांना आधी आश्रय मिळाला तो देवासच्या संस्थानिकांचा, आणि त्यामुळे काही वर्षे ते मध्य भारताकडूनही खेळले. याच सुमारास ऑस्ट्रेलियाचे नामांकित लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट यांना एका संस्थानिकाने शिकवण्यासाठी हिंदुस्थानात बोलावले होते. हजारे त्यांच्या नजरेला पडले. हजाऱ्यांची उभे राहण्याची पद्धत अजब होती. बॅट दोन्ही पॅडच्या मध्ये, दांड्यावर दोन्ही हात एकमेकांपासून दूर. कोणत्याही शिकवणाऱ्याचे हात शिवशिवावेत आणि त्याने ती मोडायला लावावी अशी ती पद्धत. ग्रिमेट यांनी ती मोडली नाही, आहे तशी राहू दिली, आणि गोलंदाजीपेक्षा फलंदाजीवर अधिक लक्ष द्यायला सांगितले. चांगला गुरू कोणता, या प्रश्नावर आमच्या मंडळात पुष्कळ वाद होतात. काय शिकवायचे नाही हे ज्याला कळते तो, असे या उदाहरणावरून म्हणता येईल. गोलंदाजीही सुटली नाहीच. मध्यमगती गोलंदाज म्हणून हजाऱ्यांनी प्रथम श्रेणीत ५९५ बळी घेतले. नुसत्या या आकड्यावर एखाद्याची कारकीर्द मोठी ठरावी, पण हजाऱ्यांच्या बाबतीत तो तळटिपेत जातो.

सयाजीरावांच्या पश्चात गादीवर आलेल्या प्रतापसिंहराव महाराजांच्या काळात हजारे बडोद्याला आले. १९४१ पासून ते बडोद्याकडून खेळू लागले. १९४२–४३ साली बडोद्याने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला तेव्हा ते संघात होते.

मग आला १९४३ चा डिसेंबर. मुंबईची पंचरंगी स्पर्धा तेव्हा धर्मावर बेतलेली असे. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि पाचवा संघ बाकीच्यांचा, म्हणजे 'रेस्ट'. गांधीजींनी या प्रकाराला विरोध केला होता आणि पुढे १९४६ नंतर ती स्पर्धा बंदच झाली, हे बरेच झाले. पण त्या 'बाकीच्यां'त एक मराठी ख्रिस्ती फलंदाज होता आणि त्या वर्षी स्पर्धा गाजली ती त्याच्यामुळे आणि मर्चंटांमुळे. मर्चंटांचा स्पर्धेतला विक्रम होता नाबाद २४३ चा. हजाऱ्यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ करून तो मोडला. अंतिम सामन्यात मर्चंटांनी हिंदू संघाकडून नाबाद २५० करून तो परत घेतला. हिंदू ५ बाद ५८१. 'बाकीचे' पहिल्या डावात १३३ वर आटोपले, त्यांत हजारे ५९. फॉलोऑन मिळाला.

त्या दुसऱ्या डावात जे झाले ते आजही वाचताना नवल वाटते. संघाच्या धावा ३८७. त्यांत एकट्या विजय हजाऱ्यांच्या ३०९. इतर सगळ्यांच्या आणि अवांतर मिळून ७८. सहाव्या विकेटसाठी त्यांच्या साथीला होता सख्खा भाऊ विवेक. दोघांनी ३०० धावांची भर घातली आणि त्यात विवेकचा वाटा होता २१ चा. तासन्‌तास एका टोकाला भिंत होऊन उभे राहायचे, धाव मिळाली तर घ्यायची, नाही तर दादाला खेळू द्यायचे. आम्हाला त्या ३०९ इतकेच या २१ चे कौतुक आहे. सामना मात्र हिंदूंनीच जिंकला, एक डाव आणि ६१ धावांनी. पुढे त्याच हंगामात मर्चंटांनी रणजी सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ करून हजाऱ्यांचा ३१६ चा आकडाही ओलांडला. मोठा कोण, मर्चंट की हजारे, हा वाद त्या पिढीच्या ओट्यांवर रंगला तो इथून. मुंबईकर मर्चंटांच्या बाजूचे, बडोदेकर हजाऱ्यांच्या. आमचा निकाल वाचकांनी ओळखला असेलच, तेव्हा निःपक्षपातीपणाचा आव आम्ही आणीत नाही.

१९४६ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर हजारे पहिला कसोटी सामना खेळले. वय ३१. दुसऱ्या महायुद्धाने त्यांच्या उमेदीची वर्षे खाल्ली होती, हे विसरून त्यांचे कसोटीतले आकडे वाचू नयेत.

आणि १९४७ चा मार्च. रणजी करंडकाचा अंतिम सामना, आपल्या बडोद्यात. समोर सी. के. नायडूंचा होळकर संघ. दोन मराठी संस्थानांची ती लढत होती आणि होळकर त्या काळी देशातला सर्वांत दणकट संघ मानला जाई. होळकरांचा पहिला डाव २०२ वर संपला. बडोद्याची सुरुवात बेताचीच झाली, ३ बाद ९१. तेव्हा हजाऱ्यांच्या जोडीला आला गुल महंमद. लाहोरचा, ठेंगणा, डावखुरा, चपळ. त्यानंतर ५३३ मिनिटे ही जोडी फुटली नाही. जवळजवळ नऊ तास. जोडी फुटली तेव्हा ५७७ धावांची भर पडली होती. गुल महंमद ३१९, हजारे २८८. बडोदे ७८४. होळकर दुसऱ्यांदा १७३ मध्ये गारद आणि बडोद्याचा विजय एक डाव ४०९ धावांनी. कोणत्याही विकेटसाठीची जगातली ही सर्वांत मोठी भागीदारी ठरली आणि तो विक्रम ५९ वर्षे टिकला. २००६ साली श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावांची भर घालून तो मोडला.

मार्चमध्ये ही भागीदारी झाली आणि ऑगस्टमध्ये देशाचीच वाटणी झाली. गुल महंमद त्या वर्षाच्या शेवटी भारताकडून ऑस्ट्रेलियाला गेले खरे, पण पुढे ते पाकिस्तानचे झाले आणि १९५६ साली पाकिस्तानकडून एक कसोटीही खेळले. बडोद्याचेच आमीर इलाही यांचीही तीच गत. १९५२ साली पाकिस्तानचा संघ पहिल्यांदा भारतात कसोटी मालिका खेळायला आला तेव्हा त्यात आमीर इलाही होते. मुंबईच्या कसोटीत हजाऱ्यांनी नाबाद १४६ केल्या त्या या जुन्या साथीदाराच्या संघाविरुद्ध. बडोद्याच्या एका ड्रेसिंग रूममधली माणसे पाच वर्षांत दोन देशांत विभागली गेली. आमच्या शहरात फाळणीच्या गोष्टी सांगणारी सिंधी कुटुंबे पुष्कळ आहेत. क्रिकेटच्या मैदानावरून झालेली ही ताटातूट मात्र फारशी कोणी सांगत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या त्या दौऱ्याबद्दल थोडे सविस्तर लिहिलेच पाहिजे. स्वतंत्र भारताचा तो पहिला परदेश दौरा आणि समोर ब्रॅडमन, लिंडवॉल, मिलर. सिडनीला हजाऱ्यांनी ब्रॅडमनचा १३ धावांवर त्रिफळा उडवला. ॲडलेडला जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा उडवला, पण तोवर ब्रॅडमनच्या २०१ झाल्या होत्या. ऑस्ट्रेलियाच्या ६७४. उत्तरादाखल भारताने ३८१ केल्या, त्यात हजारे ११६ आणि दत्तू फडकर १२३. फॉलोऑननंतर दुसऱ्या डावात लिंडवॉलने ३८ धावांत ७ बळी घेतले. भारताचे सहा फलंदाज शून्यावर बाद झाले. धावफलकावर एका बाजूला शून्यांची रांग आणि दुसऱ्या बाजूला हजारे १४५. हेमू अधिकारींनी ५१ करून साथ दिली, बाकी आनंदच होता. भारत एक डाव आणि १६ धावांनी हरला. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके करणारे हजारे हे पहिले भारतीय ठरले. त्यांच्या पराक्रमाचे दिवस आणि संघाच्या पराभवाचे दिवस असे वारंवार एकच निघतात. ३०९ झाल्या त्या हरलेल्या सामन्यात, ॲडलेडची दोन शतके हरलेल्या सामन्यात. पुढच्या वर्षी मुंबईत वेस्ट इंडीजविरुद्ध ३६१ धावा हव्या होत्या, हजाऱ्यांनी १२२ केल्या, भारत ८ बाद ३५५ वर पोहोचला आणि खेळ संपला. सहा धावा कमी पडल्या.

१९४९ साल हजाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षी १ मे रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राज्य गेले तसा हळूहळू राजाश्रयही गेला. त्याच उन्हाळ्यात हजारे इंग्लंडमधल्या लँकेशायर लीगमध्ये रॉटनस्टॉल क्लबकडून खेळायला गेले, पुढे रॉयटनसाठीही खेळले. या लीगची रीत आपल्याकडच्या वाचकांना ठाऊक असेलच असे नाही. ही सगळी कापड गिरण्यांची गावे. आठवडाभर गिरणीत आणि दुकानांत काम करणारी माणसे शनिवारी मैदानावर उतरत. संघात दहा जण गावातले हौशी आणि अकरावा एकच, पगार देऊन आणलेला 'प्रो'. वेस्ट इंडीजचे कॉन्स्टंटाइन, हेडली, वीक्स, वॉरेल, आपले अमरनाथ, मंकड, हे सगळे असे 'प्रो' होते. प्रोने फलंदाजी करायची, गोलंदाजीही करायची, गावच्या पोरांना शिकवायचे, आणि पडला तर अख्ख्या गावाची बोलणी खायची. त्याने पन्नास धावा केल्या की प्रेक्षकांत डबा फिरे आणि जमलेली चिल्लर त्याला मिळे. मैदानाला फेरी घालून गिरणीकामगारांनी खिशातले पेन्स टाकायचे. सांगलीच्या मास्तरांचा मुलगा राजाच्या पदरावरून उठून या डब्यापाशी आला. आमच्या मते यात कमीपणा काही नव्हता. उलट महाराजांची मर्जी आणि कामगाराची चिल्लर यांत दुसरी जास्त रोखठोक. धावा केल्या की मिळते, नाही केल्या की नाही.

इथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी वाचक देतील. आपल्या मंडळातल्या निम्म्या घरांतली मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. सुट्टीला आली की ती बास्केटबॉलच्या गोष्टी सांगतात, आणि आम्हीही आता पहाटे उठून ते सामने बघायला शिकलो आहोत. त्यांच्यात एक वाद कायम चालतो. कॉलेजचे बास्केटबॉल खरे की एनबीएचे? एक पक्ष म्हणतो, कॉलेजची पोरे जीव तोडून खेळतात, मार्च महिन्यातल्या त्यांच्या स्पर्धेत एका हरण्याने सगळे संपते, तो थरार पगारी खेळाडूंच्या लांबलचक हंगामात नाही. दुसरा पक्ष म्हणतो, कसब बघायचे तर व्यावसायिकांचेच. १८९१ साली स्प्रिंगफील्डच्या एका व्यायामशिक्षकाने, जेम्स नाइस्मिथने, हिवाळ्यात पोरांना बंद हॉलमध्ये खेळता यावे म्हणून हा खेळ काढला. पुढे कॉलेजांनी तो वाढवला. ज्या जूनमध्ये हजारे लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळले त्याच जून १९४६ मध्ये न्यूयॉर्कला व्यावसायिक लीगची स्थापना झाली आणि १९४९ मध्ये तिचे नाव एनबीए झाले. कॉलेजच्या खेळाडूंच्या जिवावर कॉलेजांनी अमाप पैसा मिळवला, पण खेळाडूला त्यातला वाटा देणे म्हणजे खेळ बाटवणे, असे अनेक दशके मानले गेले. २०२१ मध्ये त्यांना स्वतःच्या नावावर कमाई करायला मुभा मिळाली आणि २०२५ पासून कॉलेजे स्वतःच पैसे देऊ लागली आहेत.

नातवंडांचा हा वाद ऐकताना आम्हाला मर्चंट आणि हजारे आठवतात. पगार घेतला की जीव तोडून खेळणे संपते, असे ज्यांना वाटते त्यांनी ॲडलेडचा धावफलक पाहावा.

इंग्लंडमध्ये तर हा भेद धावफलकावर छापला जाई. हौशी खेळाडूच्या आडनावाआधी आद्याक्षरे, व्यावसायिकाच्या नावामागे. ड्रेसिंग रूमही अनेक ठिकाणी वेगळ्या. कर्णधार हौशीच असायचा. १९५२ च्या जूनमध्ये लीड्सला लेन हटन नाणेफेकीला आले तेव्हा विसाव्या शतकात पहिल्यांदाच इंग्लंडने एका व्यावसायिकाकडे रीतसर नेतृत्व सोपवले होते. त्यांच्यासमोर भारताचे कर्णधार होते विजय हजारे. एक यॉर्कशायरचा पगारी खेळाडू, दुसरा बडोद्याचा. तो क्षण आम्हाला कोणत्याही शतकापेक्षा मोलाचा वाटतो.

सामना मात्र भारताला फार वाईट गेला. पहिल्या डावात ३ बाद ४२ वरून हजारे ८९ आणि विजय मांजरेकर १३३ यांनी डाव सावरला. दुसऱ्या डावात फ्रेड ट्रूमन नावाचा नवखा वेगवान गोलंदाज आणि ॲलेक बेडसर यांनी पहिल्या चौदा चेंडूंत चार बळी घेतले. भारत ४ बाद ०. त्या चौघांत पहिलीच कसोटी खेळणारे आपले दत्ताजीराव गायकवाड होते. हजारे खेळायला आले तो चेंडू ट्रूमनच्या हॅट्‌ट्रिकचा. तो त्यांनी थोपवला, आणि फडकरांना घेऊन ५६ धावा केल्या. संघाच्या झाल्या १६५.

विनू मंकड त्या कसोटीत का नव्हते? कारण ते शेजारीच लँकेशायरमध्ये हॅस्लिंग्डन क्लबचे प्रो होते. निवडीची खात्री द्याल तर करार करीत नाही, असे त्यांनी क्रिकेट बोर्डाला विचारले होते. बोर्डाने खात्री दिली नाही. मंकडांनी पोटाचा विचार केला. लीड्सच्या पराभवानंतर बोर्डाने क्लबकडे मंकडांना मागून घेतले आणि लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा करून पाच बळीही घेतले. दुसऱ्या डावात त्यांच्याबरोबर दोनशेहून मोठी भागीदारी करणारा फलंदाज कोण, हे सांगायला नको. देशासाठी खेळण्याचा मान मोठा, पण मानाबरोबर वर्षभराच्या दाण्यापाण्याची सोय करण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला त्या बोर्डाकडे उत्तर नव्हते.

त्याआधीच्या हिवाळ्यात हजाऱ्यांच्या नेतृत्वाखाली भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला होता. मद्रास, १० फेब्रुवारी १९५२. १९३२ पासून वीस वर्षे वाट पाहून, पंचविसाव्या कसोटीत. सामन्याच्या पहिल्याच दिवशी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज वारले, मध्ये एक दिवस खेळ थांबला. मंकडांनी दोन डावांत मिळून १२ बळी घेतले, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतके केली आणि भारताने एक डाव आणि ८ धावांनी सामना जिंकला. हजाऱ्यांच्या धावा त्यात जेमतेम २०. ज्या सामन्यात त्यांनी मोठे काही केले नाही तोच जिंकला, यावर आमच्याकडे पुष्कळ विनोद झाले आहेत.

पण कर्णधार म्हणून ते थोर होते असे आम्हीही म्हणणार नाही. त्याच मालिकेत दिल्लीच्या पहिल्या कसोटीत त्यांनी नाबाद १६४ केल्या. मर्चंटांनी आदल्याच दिवशी केलेला १५४ चा भारतीय विक्रम त्यांनी त्या डावात मोडला, आणि मर्चंटांची ती शेवटची कसोटी ठरली. पण भारताचा डाव रेंगाळला, इंग्लंडला बाद करायला वेळ अपुरा पडला आणि सामना अनिर्णित राहिला. हजारे सावध होते, धोका पत्करीत नसत, ज्येष्ठांना दुखवत नसत. त्यांच्यावर नेतृत्वाचे ओझे घातले ही भारतीय क्रिकेटची मोठी चूक झाली, असे खुद्द मर्चंटांचे मत होते. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याचे सारे आयुष्य दुसऱ्याच्या मर्जीवर उभे राहिले, ज्याने संस्थानिकांच्या पदरी मान खाली घालून नोकरी केली, त्याच्याकडून एकाएकी हुकूम सोडण्याची अपेक्षा करणे तितकेसे न्यायाचे नव्हते. हटन यांच्यावरही अतिसावधपणाचा आरोप पुढे झालाच. हा आमचा तर्क आहे आणि तो मान्य न करणारे आमच्याच मंडळात तीन-चार जण आहेत.

१९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर हजारे कसोटी खेळले नाहीत. ३० कसोटींत २१९२ धावा, सरासरी ४७.६५, सात शतके. प्रथम श्रेणीत १८,७४० धावा, ६० शतके. बडोद्याकडून मात्र ते खेळतच राहिले. १९४९–५० मध्ये आणि नंतर दत्ताजीरावांच्या नेतृत्वाखाली १९५७–५८ मध्ये बडोद्याने रणजी करंडक जिंकला. त्या दुसऱ्या वेळी हजारे चाळिशी ओलांडून पुढे गेलेले होते आणि ज्यांच्या हाताखाली खेळत होते ते कर्णधार त्यांच्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान होते. १९६० साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १९६१ पर्यंत ते बडोद्यासाठी मैदानात उतरत होते.

त्यानंतरची चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी याच शहरात काढली. आत्मचरित्र लिहिले, मुलांना शिकवले. मोतीबागेच्या आसपास राहणाऱ्या आमच्यातल्या कित्येकांनी त्यांना येताजाता पाहिले. मोठा माणूस म्हणून कोणी थांबून नमस्कार केला तर संकोचणारा असा तो माणूस. १८ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, वडोदऱ्यातच त्यांचे निधन झाले.

आज आपल्या शहरातल्या गल्लीतून निघालेली पोरे आयपीएलमध्ये कोट्यवधी मिळवतात. पठाण बंधू, पंड्या बंधू यांची नावे घरोघरी आहेत. त्यांना कोणी पगारी म्हणून हिणवत नाही, आणि ते योग्यच आहे.

देशातल्या राज्य संघांच्या एकदिवसीय स्पर्धेला हजाऱ्यांचे नाव दिलेले आहे. दर हिवाळ्यात कोठे ना कोठे विजय हजारे करंडकाचे सामने चालू असतात. १८ जानेवारी २०२५ रोजी त्या करंडकाचा अंतिम सामना हालोल रस्त्यावरच्या कोटंबीच्या नव्या स्टेडियमवर झाला. कर्नाटकाने ३४८ धावा केल्या, विदर्भाने ३१२ पर्यंत पाठलाग केला. आमच्यापैकी काही जण डबे बांधून सकाळीच तिकडे गेलो होतो. आमच्या मागच्या रांगेतल्या एका मुलाने आपल्या वडिलांना विचारले की हे हजारे कुठल्या संघाचे होते. वडिलांना सांगता आले नाही. मग आम्हीच मागे वळलो आणि पुढची दोन षटके सामना बघायचा राहून गेला.